वृद्धांच्या घरभेटीचे सिम्युलेशन प्रशिक्षण : जे मिळाले आणि जे राहिले

परिचर्येच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या चोवीस विद्यार्थ्यांना घेऊन मी अलीकडेच वृद्धांच्या गृहशुश्रूषेवरील चार दिवसांचे सिम्युलेशन प्रशिक्षण, म्हणजे मुद्दाम उभारलेल्या घरात खऱ्या घरभेटीच्या प्रसंगांचा सराव, पूर्ण केले. शिकवण्याकडे वळण्यापूर्वी अकरा वर्षे मी घरोघरी जाऊन वृद्ध रुग्णांची शुश्रूषा केली आहे. त्यामुळे या प्रशिक्षणाकडे मी दोन नजरांनी पाहत होते. विद्यार्थ्यांच्या हाती काय लागते, हे शिक्षिका म्हणून पाहायचे होते. आणि हे उभारलेले घर खऱ्या घराच्या किती जवळ जाते, हे घरभेटी केलेली परिचारिका म्हणून तपासायचे होते. चारही दिवस मी काचेमागच्या नियंत्रण कक्षात आणि प्रत्येक प्रसंगानंतरच्या चर्चेत बसले. माझे मत आधीच सांगते. हे प्रशिक्षण घेण्याजोगे आहे, पण त्याचे श्रेय तिथल्या मॅनिकिनला, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवलेल्या यांत्रिक बाहुलीला, जात नाही. ते जाते तिथल्या घराला, वृद्धांची आणि नातेवाइकांची भूमिका करणाऱ्या माणसांना आणि प्रसंगानंतरच्या चर्चेला. मात्र घरभेटीच्या कामाचा जो गाभा, म्हणजे त्याच घरात पुन्हा जाणे, तो या चार दिवसांत एकदाच दिसला, आणि ही उणीव मला लहान वाटत नाही.

रुग्णालयात खाट आपली असते, वेळापत्रक आपले असते आणि रुग्णाच्या अंगावरचे कपडेसुद्धा बहुधा आपलेच असतात. घरात यातले काहीच आपले नसते. दार रुग्ण उघडतो, कुठे बसायचे हे घरातले सांगतात, दिवा कुठला लावायचा हेही त्यांनाच विचारावे लागते. अडचण आली तर हाक मारायला शेजारच्या वॉर्डातली वरिष्ठ परिचारिका नसते. रुग्णालयात तीन वर्षे उत्तम काम केलेली मुलगी पहिल्या घरभेटीत दारातच अवघडून उभी राहते, हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्यात तिचा दोष नसतो. तिला तोवर जे शिकवलेले असते ते सगळे खाटेभोवती उभे राहून शिकवलेले असते.

याला इतिहासही तसाच आहे. संघटित गृहशुश्रूषेची सुरुवात बरीच जुनी. लिव्हरपूलचे व्यापारी आणि समाजसेवक विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीची अखेरच्या आजारात सेवा मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने केली होती. त्याच परिचारिकेला रॅथबोन यांनी १८५९ मध्ये त्या शहरातील गरीब रुग्णांच्या घरी पाठवण्यास सुरुवात केली. शिकवण्याची साधने मात्र रुग्णालयाच्या गरजेनुसार घडत गेली. १९११ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या शाळेसाठी मार्था चेस यांनी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली, आणि 'मिसेस चेस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या बाहुलीवर विद्यार्थिनी रुग्णाला कूस बदलून देणे, कपडे घालणे, उचलणे शिकू लागल्या. १९६० मध्ये नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'रेससी अ‍ॅन' ही बाहुली आणली. पुढे श्वास घेणाऱ्या, नाडी लागणाऱ्या, बोलणाऱ्या मॅनिकिन आल्या. बाहुली सुधारत गेली, पण बहुतेक प्रयोगशाळांत ती वर-खाली होणाऱ्या खाटेवरच पडून राहिली. आम्ही गेलो त्या केंद्राने बाहुलीपेक्षा खोलीवर जास्त विचार केला आहे, आणि तिथेच त्यांनी माझा विश्वास मिळवला.

त्या केंद्रात दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेले एक पूर्ण घर उभे केले आहे. खाट बुटकी आहे आणि दोन बाजूंनी भिंतीला टेकलेली आहे, त्यामुळे परिचारिकेला एकाच बाजूने काम करता येते आणि कंबर न दुखवता रुग्णाला कुशीवर कसे वळवायचे याचा खरा विचार करावा लागतो. खुर्चीला हात नाहीत. न्हाणीघराच्या दारात एक इंच उंचीची पट्टी आहे. पलंगाजवळचा गालिचा एका कोपऱ्यात दुमडलेला, विजेची वायर जाण्यायेण्याच्या वाटेवर, दिवा मंद आणि त्याचे बटण खाटेवरून हात पोहोचणार नाही इतके लांब. औषधे तीन ठिकाणी ठेवलेली: उशाशी, स्वयंपाकघरातल्या फळीवर आणि एका जुन्या पत्र्याच्या डब्यात. यातले काहीही मुद्दाम लक्ष वेधून घेईल असे मांडलेले नाही, म्हणूनच बहुतेकांना पहिल्या फेरीत ते दिसले नाही. पहिल्या दिवशी सहापैकी पाच गटांनी घरात शिरताच आपली पिशवी थेट रुग्णाच्या पांघरुणावर किंवा जमिनीवर ठेवली. पिशवीसाठी स्वच्छ, कोरडी जागा निवडणे, खाली कागद अंथरणे, आत हात घालण्यापूर्वी हात धुणे, वापरलेली सुई स्वतःच्याच सुरक्षित डब्यात परत नेणे, हे सगळे त्यांना लेखी परीक्षेत पाठ होते. ते पाठ असणे आणि अनोळखी घरात, समोर कुणीतरी पाहत असताना ते करणे, यांतले अंतर या घराने पहिल्या पाच मिनिटांत दाखवून दिले.

प्रत्येक प्रसंगापूर्वीची तयारी, म्हणजे प्रीब्रीफिंग, नीट केलेली होती. चौघांच्या गटातले दोघे घरात जातात आणि दोघे काचेमागून निरीक्षण करतात. पुढच्या प्रसंगाला भूमिका बदलतात. आत जाणाऱ्यांना डॉक्टरांचे पाठवणीपत्र वाचायला दिले जाते, मॅनिकिनमध्ये काय कळते आणि काय कळत नाही हे हाताळून पाहू दिले जाते, आणि चूक झाली तर ती या खोलीबाहेर जाणार नाही, गुणपत्रिकेत उतरणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितले जाते. सिम्युलेशन क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानकांच्या २०२१ च्या आवृत्तीत प्रीब्रीफिंगला स्वतंत्र मानकाचे स्थान मिळाले. ते का मिळाले असावे, हे तिसऱ्या दिवशी वेळ कमी पडल्यामुळे एका गटाची तयारी पाच मिनिटांत उरकली गेली तेव्हा मला दिसले: तो गट पूर्ण प्रसंगभर मॅनिकिनचा हात धरून नाडी शोधत राहिला, कारण नाडी कुठल्या हाताला लागते हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

चार प्रसंगांपैकी पहिला सर्वांत फिका होता. मधुमेह असलेले आजोबा, इन्सुलिन घेतले आहे, जेवण कमी झाले आहे, अंगाला घाम, बोलणे अडखळते. ही भूमिका मॅनिकिनकडे होती. ग्लुकोमीटरवर साखर ५४ आली, विद्यार्थ्यांनी ती ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असल्याचे ओळखले, रुग्ण शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो याची खात्री केली, १५ ग्रॅम साखर दिली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करायची हे सांगितले, आणि प्रसंग संपला. सगळे पाठ्यपुस्तकाप्रमाणे झाले. पण हा रुग्णालयातलाच प्रसंग घरात आणून ठेवलेला होता. घरातले अवघड प्रश्न वेगळे असतात. काल रात्रीचा डोस कुणी ठरवला? मोतीबिंदू झालेल्या माणसाला पेनवरचा आकडा दिसतो का? ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत संपली आहे का? रात्री दोनला साखर उतरली तर या घरात जागे कोण असते? यांपैकी एकही प्रश्न प्रसंगात गुंफलेला नव्हता.

दुसरा प्रसंग मात्र मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत राहीन. पंधरा दिवसांपूर्वी न्हाणीघरात पडलेल्या, हाड न मोडल्यामुळे घरी परतलेल्या एका आजींची भेट. रक्तदाबाची गोळी चालू आहे, लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. भूमिका करणारी बाई स्वतः सत्तरीच्या आसपासची होती आणि तिने आजी अशा काही उभ्या केल्या की दुसऱ्या मिनिटाला विद्यार्थी आपण सिम्युलेशनमध्ये आहोत हे विसरले. गटांमागून गट आले, त्यांनी आजींना बसवून रक्तदाब घेतला, आकडा ठीक आला, तो नोंदवला आणि पुढे गेले. प्रसंग असा रचलेला होता की आजींना उभे केल्याशिवाय खरी गोष्ट कळतच नाही. सहापैकी दोनच गटांनी त्यांना पाच मिनिटे आडवे ठेवून, मग उभे करून, एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा रक्तदाब मोजला, आणि त्या दोन गटांनाच आजींचे ते वाक्य ऐकायला मिळाले: "जरा थांब गं बाळा, उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते." उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो अर्थपूर्ण समजायचा, ही व्याख्या सगळ्यांना येत होती. ज्या चार गटांनी आजींना उभे केले नाही, त्यांनी तसे का केले नाही, याचे उत्तर चर्चेत एका मुलाने दिले आणि ते मला फार मोलाचे वाटले. तो म्हणाला, "त्या नुकत्याच पडल्या होत्या. मला त्यांना उभं करायची भीती वाटली."

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पासष्टीपुढील दर १०० व्यक्तींपैकी सुमारे २८ ते ३५ जण दरवर्षी पडतात, म्हणजे घरभेटी करणाऱ्या परिचारिकेला अशा आजी दर आठवड्याला भेटणार. पडण्याच्या भीतीने रुग्ण खुर्चीला खिळतो, खुर्चीला खिळल्याने पायांतली ताकद जाते आणि ताकद गेल्याने तो पुन्हा पडतो. या चक्रात परिचारिकेची भीतीही भर घालते, ही जाणीव व्याख्यानातून देता आली असती असे मला वाटत नाही. त्या मुलाला प्रशिक्षकांनी पुन्हा आत पाठवले. या वेळी त्याने आधी गालिचा गुंडाळून बाजूला केला, भक्कम खुर्ची मागे लावली, आजींच्या डाव्या बाजूला किंचित मागे उभा राहिला आणि त्यांच्या परवानगीने त्यांना उभे केले. नंतर खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसण्याची चाचणीही घेतली. या चाचणीत १२ किंवा त्याहून जास्त सेकंद लागले तर पडण्याचा धोका धरून चालावे, हे त्याला आता विसरता येणार नाही.

तिसऱ्या प्रसंगात स्मृतिभ्रंश झालेले वडील आणि त्यांची काळजी घेणारी मुलगी होती. वडील म्हणजे मॅनिकिन, मुलगी म्हणजे अभिनेत्री, आणि ही जोडी उत्तम जमली. दोन दिवसांपासून वडील जास्त झोपतात, मध्येच बरळतात, मध्येच ठीक असतात. माकडहाडाजवळ बेडसोअरची सुरुवात आहे. बहुतेक विद्यार्थी जखमेकडे धावले, बेडसोअरचा धोका सांगणाऱ्या ब्रेडन मापनाचे सहा घटक बिनचूक मोजले आणि १८ किंवा त्याखालचा आकडा धोक्याचा हेही सांगितले. बदललेली शुद्ध मात्र "स्मृतिभ्रंश वाढला असेल" म्हणून सोडून दिली. अचानक सुरू झालेला, दिवसभरात कमीजास्त होणारा आणि लक्ष टिकू न देणारा गोंधळ म्हणजे डिलिरियम असू शकतो, त्यामागे संसर्ग, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, शरीरातले पाणी कमी होणे किंवा नवे औषध असू शकते, आणि तो डॉक्टरांना आजच कळवायचा असतो. चर्चेत डिलिरियम ओळखण्याच्या शॅरन इनॉय यांच्या १९९० च्या निदानपद्धतीचे चार निकष फळ्यावर लिहून, विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेली कुठली खूण कुठल्या निकषात बसते हे त्यांच्याकडूनच काढून घेतले गेले. शिकवण्याची ही पद्धत मला आवडली.

पण या प्रसंगातली माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. वीस मिनिटे ती मुलगी हातात पंचा घेऊन भिंतीशी उभी असे. विद्यार्थी तिला कोमट पाणी मागत, दिवा लावायला सांगत, वडील कधीपासून असे आहेत हे विचारत. एका गटातल्या विद्यार्थिनीने हातमोजे काढल्यावर तिला सहज विचारले, "ताई, तुम्ही सलग शेवटचं कधी झोपलात?" आणि चार दिवसांत पहिल्यांदा ती अभिनेत्री खुर्चीत बसली. ती संहितेनुसारच बसली असेल, पण नियंत्रण कक्षात आम्ही सगळे गप्प झालो. काळजी घेणाऱ्या व्यक्तीवरचा भार मोजण्यासाठी झरिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे आणि ती उपयुक्त आहे. तरीही आधी असा एक प्रश्न विचारता यावा लागतो. तो विचारला गेला नाही तर प्रश्नावली पिशवीतच राहते. या प्रसंगाबद्दल माझी एकच तक्रार आहे. मुलगी फार सहकार्य करणारी होती. खऱ्या घरात एखादा मुलगा "आम्हाला परिचारिकेची गरज नाही" म्हणतो, दोन भावंडांत मतभेद असतात, रुग्णाला एक हवे असते आणि घरच्यांना दुसरे. नकाराला सामोरे जाण्याचा सराव कुठल्याच प्रसंगात नव्हता.

मॅनिकिनबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण अशा केंद्रांच्या माहितीपत्रकात सर्वांत ठळक जागा तिलाच मिळते. नाडी, श्वास, फुप्फुसांतले आवाज यांसाठी ती चांगली आहे. तिची त्वचा मात्र तरुण माणसासारखी ताठ आणि गुळगुळीत आहे. वृद्धांच्या शुश्रूषेत त्वचाच तर सर्वांत जास्त बोलते: चिकटपट्टी घाईने ओढली तर कागदासारखी फाटणारी, दंडाला धरून उठवले तर निळी पडणारी. ते भान प्लास्टिकवर येत नाही. मॅनिकिनचे बोलणे नियंत्रण कक्षातून प्रशिक्षक बोलत असत आणि प्रत्येक उत्तराला क्षणभर उशीर होई. त्यामुळे विद्यार्थी तिच्याशी प्रश्नपत्रिका वाचल्यासारखे बोलू लागले. रुग्णाची भूमिका माणसाकडून करवून घेण्याची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वैद्यकीय शिक्षणात आणली. घरभेटीच्या प्रशिक्षणासाठी तिला अजूनही पर्याय नाही, असे माझे या चार दिवसांनंतरचे स्पष्ट मत झाले आहे.

वृद्धत्वाचा अनुभव देणारा पोशाख हा तिथला आणखी एक भाग. वजन घातलेले जाकीट, सांधे आखडणारे पट्टे, दृष्टी धूसर करणारा चष्मा, कान झाकणारी टोपी, बोटांची संवेदना कमी करणारे मोजे. विद्यार्थ्यांनी तो घालून औषधाची पट्टी फाडली, बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचली, न्हाणीघराची पट्टी ओलांडली. गोळी बोटांतून निसटून खाटेखाली गेल्यावर "ही आता शोधणार कोण?" असे एकजण म्हणाली, तेव्हा तिला काहीतरी नक्की उमगले होते. तरी या भागाबद्दल मला काळजीही वाटली. पोशाख घातलेल्या विशीतल्या मुलाला सगळे वार्धक्य एका मिनिटात अंगावर येते. खऱ्या वृद्धाला ते तीस वर्षांत, हळूहळू, रोज नवी युक्ती शोधत भेटलेले असते. भिंतीला हात लावत चालणाऱ्या आजींना आपल्या घरातला प्रत्येक आधार ठाऊक असतो. पोशाख उतरवल्यावर विद्यार्थ्यांच्या तोंडी "बापरे, किती वाईट" हेच शब्द जास्त होते, आणि कीव ही शुश्रूषेची चांगली सुरुवात नव्हे. या अनुभवानंतर एखाद्या वृद्ध व्यक्तीने येऊन आपण हे सगळे कसे निभावतो ते सांगितले असते, तर अर्धा तास सत्कारणी लागला असता.

आता चर्चेविषयी, कारण शिकणे मुख्यतः तिथेच झाले. प्रसंग वीस मिनिटांचा आणि त्यावरची चर्चा चाळीस मिनिटांची, हे प्रमाण मला योग्य वाटले. दोन प्रशिक्षकांपैकी एकीची पद्धत अशी: आपण काय पाहिले ते ती स्पष्ट सांगे, त्याची काळजी का वाटली तेही सांगे, आणि मग खरोखर उत्तर हवे असल्यासारखे विचारे, "त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" चूक लपवायची नाही आणि चूक करणाऱ्याला खालीही पाहायला लावायचे नाही, ही कसरत तिला साधली होती. विचारल्यावर ती गप्प बसे, आणि ती शांतता कधी कधी इतकी लांबे की मलाच बोलावेसे वाटे. रक्तदाबाच्या प्रसंगातले भीतीचे उत्तर अशाच शांततेतून आले. दुसरे प्रशिक्षक ज्ञानी होते, पण त्यांच्या चर्चेचे दहाव्या मिनिटाला व्याख्यान होई आणि विद्यार्थी वही काढून लिहू लागत. एकाच केंद्रात, एकाच प्रसंगावर, दोन गटांना इतके वेगळे शिक्षण मिळावे, हे केंद्राने गांभीर्याने घ्यायला हवे. निरीक्षण करणाऱ्या दोघांना सकाळी नेमके काय पाहायचे याचा कागद दिला जाई. दुपारनंतर तो देण्याचे राहून जाई आणि ते दोघे नुसते प्रेक्षक उरत.

चौथा प्रसंग औषधांचा होता आणि त्यात पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भेटी होत्या. रुग्णालयातून नुकतेच घरी आलेले आजोबा, सोबत पत्नी. नवी यादी एक आणि पत्र्याच्या डब्यातली जुनी औषधे वेगळी. पहिल्या भेटीत नीट पाहिले तर कळे की रक्तदाबाचे एकच औषध दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू आहे आणि शेजाऱ्यांनी दिलेली झोपेची गोळीही अधूनमधून घेतली जाते. सहापैकी चार गटांनी दुहेरी औषध पकडले, आणि त्यांतल्या तिघांनी मोठ्या समाधानाने आजोबांना सांगितले की ही जुनी गोळी आजपासून बंद करा. मग विद्यार्थी बाहेर आले, त्यांना सांगितले गेले की आता एक आठवडा लोटला आहे, आणि ते पुन्हा आत गेले. डबा होता तिथेच होता. दोन्ही गोळ्या चालू होत्या. आजी शांतपणे म्हणाल्या, "दहा वर्षं डॉक्टरांनी दिलेली गोळी, ती एका मुलीच्या सांगण्यावरून बंद कशी करायची?"

त्या एका वाक्यात दोन चुका उघड झाल्या. गोळी बंद करण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा नव्हता. डबा हातात धरून, त्याच घरातून, त्याच वेळी डॉक्टरांना फोन करून परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले निरीक्षण आणि आपली विनंती अशा क्रमाने सांगायला हवी होती आणि डॉक्टरांचा निर्णय आजी-आजोबांना ऐकवायला हवा होता. दुसरी चूक याहून खोल होती: त्या गोळीवर त्यांचा विश्वास का आहे, हे कुणी विचारलेच नव्हते. पहिली भेट संपताना हेच विद्यार्थी एकमेकांना शाबासकी देत होते. दुसरी भेट नसती तर ते तसेच समाधानाने घरी गेले असते.

माझी मुख्य तक्रार इथून येते. घरभेटीतले काम एका भेटीत होत नाही. पहिल्या भेटीत आपण जे सांगितले, ते घराने स्वीकारले की नाही, हे दुसऱ्या भेटीत कळते. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवा असे सांगून आलो, तो बसला का? नाही बसला तर पैशांमुळे, की भाड्याच्या घराच्या मालकामुळे, की आजोबांना आपण म्हातारे झालो हे मान्य नाही म्हणून? माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका घरी पायाच्या जखमेची पट्टी अत्यंत काळजीने बदलून आले आणि दोन दिवसांनी गेले तेव्हा ती पट्टी ओली होती, कारण त्या घरात अंघोळीला बसायला उंच स्टूल नव्हते आणि मी न्हाणीघर पाहिलेच नव्हते. त्या दुसऱ्या भेटीने मला जे शिकवले ते पहिलीच्या निर्दोष पट्टीने शिकवले नसते. चारही प्रसंग या केंद्राने दोन भेटींचे करावेत. पडलेल्या आजींच्या घरी गालिचा पुन्हा अंथरलेला दिसू दे. मुलगी आणखी थकलेली दिसू दे.

काही गोष्टी वरवर आटोपल्या गेल्या. परिचारिकेची स्वतःची सुरक्षितता, म्हणजे अनोळखी घरात एकटीने जाताना कुणाला कळवून जायचे, दाराच्या बाजूला कसे बसायचे, अस्वस्थ वाटले तर कोणत्या शब्दांत निघायचे, एवढा मोठा विषय दहा मिनिटांच्या सादरीकरणात संपला. वृद्धांशी होणाऱ्या दुर्वर्तनाच्या खुणा ओळखणे आणि त्या कुणाकडे नोंदवायच्या हे शिकवणे कुठेच आले नाही. भेटीनंतरची लेखी नोंद कुणी तपासली नाही. पुढच्या परिचारिकेला घर कळते ते त्या नोंदीतूनच.

एक सूचना संस्थाचालकांसाठीही करायला हवी, कारण अशा प्रशिक्षणाचा उपयोग खऱ्या घरभेटी कमी करण्यासाठी होईल अशी भीती मला वाटते. अमेरिकेतील राज्य परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० शिक्षणसंस्थांत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाच्या निम्म्यापर्यंत तासांची जागा सिम्युलेशनने घेतली तरी विद्यार्थ्यांची अंतिम तयारी कमी पडत नाही, असे आढळले. हा निष्कर्ष वारंवार सांगितला जातो. पण तो प्रशिक्षित शिक्षक, पुरेशी साधने आणि शास्त्रशुद्ध चर्चा या अटींसह काढलेला आहे, आणि वृद्धांच्या घरभेटी हा त्या अभ्यासाचा स्वतंत्र विषय नव्हता. त्याच्या आधारे घरभेटींचे तास निम्मे करणे मला मान्य होणार नाही. आम्ही हे प्रशिक्षण घरभेटींच्या आधी ठेवले, त्यांच्या बदल्यात नव्हे, आणि तसेच ठेवावे.

तीन आठवड्यांनी मी याच विद्यार्थ्यांसोबत खऱ्या घरी गेले. आजींना उभे करायला घाबरलेला तो मुलगा माझ्यासोबत होता. दार एका वृद्ध गृहस्थांनी उघडले. तो उंबऱ्यातच थांबला, नाव सांगितले, कशासाठी आलो ते सांगितले आणि विचारले, "आजोबा, पिशवी कुठे ठेवू?" त्यांनी बोट दाखवलेल्या टेबलावर त्याने कागद अंथरला, हात धुऊन आला, आणि रक्तदाबाचा पट्टा काढण्यापूर्वी खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची वाट एकदा नजरेने चालून पाहिली. निघताना तो म्हणाला, "पुढच्या मंगळवारी मी पुन्हा येतो, तेव्हा त्या दिव्याचं काय झालं ते पाहू." पुढच्या वर्षीच्या तुकडीसाठी मी केंद्राकडे चार दिवस पुन्हा मागितले आहेत, आणि दुसरा आणि तिसरा प्रसंग दोन भेटींचा करण्याची लेखी विनंती सोबत जोडली आहे.